ट्रेटिनॉइन: थोडं, कोरड्या चेहऱ्यावर आणि सावकाश

मुरमांसाठी ट्रेटिनॉइनची ट्यूब आणलेले बरेच जण तिसऱ्या आठवड्यात ती सोडून देतात. हनुवटीची सालं निघायला लागतात, नाकाच्या बाजूला लाल होतं, तोंड धुताना साधं पाणीही झोंबतं आणि त्यात भर म्हणून चार नवे मुरूम येतात. 'मला हे सूट होत नाही' असं म्हणून ट्यूब कपाटात जाते. बहुतेक वेळा औषधात काही चूक नसते. ते जास्त घेतलेलं असतं, ओल्या चेहऱ्यावर लावलेलं असतं आणि पहिल्या रात्रीपासून रोज लावलेलं असतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला ही घाई जास्त महागात पडते. गोऱ्या कातडीवर जळजळ झाली की ती लाल होते आणि काही दिवसांत ओसरते. आपल्याकडे तीच जळजळ जाताना तपकिरी-काळा डाग मागे ठेवते आणि तो डाग मुळातल्या मुरमापेक्षा कितीतरी जास्त काळ टिकतो. म्हणजे डाग घालवायला आणलेल्या औषधानेच नवे डाग पडतात. म्हणून 'आग होतेय म्हणजे औषध काम करतंय' हा समज आधी डोक्यातून काढून टाका. १९९५ साली सूर्यप्रकाशाने खराब झालेल्या त्वचेवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४८ आठवडे ०.०२५ टक्के आणि ०.१ टक्के ट्रेटिनॉइन वापरून तुलना केली होती. दोन्हींचा फायदा जवळपास सारखा निघाला, पण जास्त तीव्रतेच्या क्रीमने त्रास मात्र कितीतरी जास्त झाला. त्रास आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे नेमकं आहे काय

ट्रेटिनॉइन म्हणजे ऑल-ट्रान्स रेटिनोइक अ‍ॅसिड. अ जीवनसत्त्वाचं हे आम्लरूप. आपल्या शरीरातही ते तयार होतं: रेटिनॉलचं रेटिनाल्डिहाइड आणि त्याचं पुढे रेटिनोइक अ‍ॅसिड. दुकानात कॉस्मेटिक म्हणून मिळणाऱ्या रेटिनॉलच्या सीरमला त्वचेत गेल्यावर या दोन पायऱ्या चढाव्या लागतात आणि वाटेत त्याचा बराच भाग वाया जातो. ट्रेटिनॉइन आधीच शेवटच्या पायरीवर असतं. म्हणून त्याचा परिणाम जोरकस आणि म्हणूनच ते औषधात मोडतं, सौंदर्यप्रसाधनात नाही. गोळीच्या रूपात मिळणारं आयसोट्रेटिनॉइन हे याच रेणूचं थोडं वेगळ्या वळणाचं भावंड. नावं सारखी असली तरी एकाऐवजी दुसरं चालत नाही.

मुरमाची सुरुवात वर दिसण्याच्या बऱ्याच आधी होते. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत मृत पेशी सुट्या होऊन बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात, त्यात तेल साचतं आणि डोळ्यांना न दिसणारं बूच बसतं. याच बुचाचं पुढे काळं किंवा पांढरं टोक दिसतं आणि सूज आली की लाल मुरूम होतो. ट्रेटिनॉइन पेशींच्या केंद्रकातल्या रेटिनोइक अ‍ॅसिड रिसेप्टरना जाऊन मिळतं आणि या चिकटण्यालाच लगाम घालतं. म्हणजे ते आजच्या मुरमाला उतारा देत नाही, दोन महिन्यांनी येणारा मुरूम रोखतं. हे एकदा लक्षात आलं की पुढच्या सगळ्या सूचनांचा अर्थ लागतो: ते फक्त फोडावर न लावता जिथे मुरूम येतात त्या पूर्ण भागावर का लावायचं, आणि निकालासाठी बारा आठवडे का थांबायचं.

फिलाडेल्फियाचे त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली मुरमांवर ट्रेटिनॉइनच्या वापराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. १९७१ मध्ये अमेरिकेत ट्रेटिनॉइनला औषध म्हणून मान्यता मिळाली. या संशोधनातल्या चाचण्या तिथल्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवरही झाल्या आणि संमतीच्या प्रश्नावरून क्लिगमन यांच्यावर पुढे कठोर टीका झाली. औषध चांगलं आहे, तरी तो इतिहास विसरण्यासारखा नाही.

ट्यूब घेताना काय वाचायचं

हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं, शेड्यूल एचमधलं औषध आहे. मेडिकलमध्ये नुसतं नाव सांगून, शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. एकदा तरी त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा, कारण मुरमांसारखं दिसणारं सगळंच मुरूम नसतं.

ट्यूब हातात आली की पुढचं मोठं नाव सोडा आणि मागे बारीक अक्षरांत छापलेला घटकांचा मजकूर वाचा. तुम्हाला हवा तो मजकूर साधारण असा असतो: ट्रेटिनॉइन आयपी ०.०२५% डब्ल्यू/डब्ल्यू, खाली क्रीम बेस क्यू.एस. एवढंच. (आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकाचं, डब्ल्यू/डब्ल्यू म्हणजे वजनाच्या हिशेबाने, क्यू.एस. म्हणजे लागेल तेवढा.) औषध एक, बाकी बेस. या ओळीत ट्रेटिनॉइनच्या वर किंवा खाली मोमेटासोन, बीटामेथासोन, फ्लुओसिनोलोन, क्लोबेटासॉल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे आणि ती मुरमांची ट्यूब नव्हे.

ही सूचना वरवरची समजू नका. हायड्रोक्विनोन २ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के आणि मोमेटासोन ०.१ टक्के असं तिहेरी मिश्रण आपल्याकडे वांगासाठी दिलं जातं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवडे वापरलं तर त्याला जागा आहे. पण पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो, म्हणून लोक ते 'गोरं होण्याचं क्रीम' समजून महिनोन्‌महिने, काही जण वर्षानुवर्षे लावतात. मग त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, उन्हात चेहरा पेटल्यासारखा होतो, गालावर लव वाढते, मुरूम उसळतात आणि क्रीम थांबवलं की सगळं दुप्पट होऊन येतं. म्हणून थांबवताही येत नाही. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना हे इतक्या वेळा पाहावं लागलं की त्यांनी या अवस्थेला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलं. २०१८ साली त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स शेड्यूल एचखाली आणली गेली, त्यामागे हेच कारण होतं. असं मिश्रण तुम्ही बरेच दिवस लावत असाल तर हा मजकूर वाचून ते एका रात्रीत बंद करू नका आणि त्याच्या जागी साधं ट्रेटिनॉइनही सुरू करू नका. ट्यूब घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा.

तीव्रता साधारण ०.०२५, ०.०५ आणि ०.१ टक्के अशी असते. सुरुवात ०.०२५ ची. सहा महिन्यांनंतर त्वचेला सवय झाली आणि गुण अपुरा वाटला तर डॉक्टर ०.०५ वर नेतील. चेहऱ्यासाठी ०.१ ची गरज क्वचित पडते. क्रीम कोरड्या-साधारण त्वचेला बरं, जेल तेलकट त्वचेला, पण जेलचा बेस अल्कोहोलचा असेल तर ते जास्त कोरडं करतं. सूक्ष्म मण्यांत भरलेलं, मायक्रोस्फिअर म्हणून मिळणारं जेलही असतं. त्यातून औषध हळूहळू सुटतं, म्हणून त्रास कमी. किंमत मात्र जास्त.

लावायचं कसं

रात्री, झोपायच्या तासभर आधी. अंथरुणावर पडता पडता लावलं तर निम्मं उशीच्या अभ्र्याला जातं.

सौम्य फेसवॉशने चेहरा एकदा धुवा. हाताने, कोमट किंवा साध्या पाण्याने. खसखसून नाही, घासणी-ब्रश नाही. स्वच्छ मऊ पंचाने टिपून घ्या आणि मग २० ते ३० मिनिटं चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या. ओल्या, फुगलेल्या त्वचेतून औषध जास्त वेगाने आत जातं, आणि सुरुवातीच्या दिवसांत ते नेमकं नको असतं. भांडी आवरणं, डबा भरून ठेवणं, दात घासणं, हे सगळं या अर्ध्या तासात होतं. दात आधीच घासून घ्या, नाहीतर चूळ भरताना ओठांच्या कडेला लावलेलं औषध फेसाबरोबर पसरतं.

आता जिथे लवकर त्रास होतो त्या जागा झाका: नाकपुड्यांच्या बाजूची खाच, ओठांचे कोपरे, डोळ्यांच्या कडा. तिथे व्हॅसलीनचं बोट अगदी हलकं फिरवा. सुरुवातीचा बराचसा त्रास नाकाच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांतच होतो, कारण औषध घरंगळत जाऊन तिथे साचतं.

मात्रा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ट्यूबमधून पट्टी काढली तर ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते. तुम्हाला त्याच्या निम्मी हवी, म्हणजे पाव ग्रॅम, एका वाटाण्याएवढी. पूर्ण चेहऱ्याला इतकीच. २० ग्रॅमच्या ०.०२५ टक्क्यांच्या ट्यूबमध्ये मुळात ट्रेटिनॉइन असतं फक्त ५ मिलिग्रॅम. त्या वाटाण्यात येतं एका मिलिग्रॅमच्या सोळाव्या भागाएवढं, आणि तेवढं पुरतं. हा हिशेब उलटा लावून स्वतःची तपासणीही करता येते: रोज लावूनही २० ग्रॅमची ट्यूब ८० रात्रींच्या आसपास चालायला हवी. ती महिन्यात संपत असेल तर तुम्ही जवळपास तिप्पट लावताय.

वाटाणा बोटावर ठेवून एकदम गालावर फासू नका. जिथे पहिलं बोट टेकतं तिथे निम्मं औषध उतरतं आणि तिथेच गोल लाल चट्टा उठतो. आधी पाच ठिपके द्या: कपाळावर दोन, दोन्ही गालांवर एकेक, हनुवटीवर एक. मग मधून बाहेरच्या बाजूला, न दाबता पसरवा. नाकासाठी वेगळा ठिपका नको, बोटाला उरलेलं पुरे. पांढरा थर दिसायला नको. अर्ध्या मिनिटात ते दिसेनासं झालं पाहिजे. दिसत राहिलं तर मात्रा जास्त झाली. पापण्या, ओठ, नाकाच्या आत, कापलेली किंवा सोललेली जागा सोडायची. मान पातळ असते, सुरुवातीचे दोन महिने तिथे लावूच नका. हात धुवा, नाहीतर ते बोट डोळ्यात जातं.

१०–१५ मिनिटांनी मॉइश्चरायझर. बिनवासाचं, साधं, ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं. 'माझी त्वचा तेलकट आहे, मला काय गरज' असं म्हणू नका. तेल आणि ओलावा या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ट्रेटिनॉइनने ओलावाच जातो. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझर, मग ट्रेटिनॉइन, वर पुन्हा मॉइश्चरायझर असा तिहेरी थर द्या. एवढं करूनही झोंबत असेल तर पहिले काही आठवडे लावून अर्ध्या-पाऊण तासाने धुवून टाका आणि ही वेळ हळूहळू वाढवत न्या. हाही मान्य मार्ग आहे, यात काही कमीपणा नाही.

सकाळी सौम्य फेसवॉश किंवा नुसतं पाणी, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन पट्ट्या काढून चेहरा-मानेला. उन्हात फिरायचं असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानेही वाढतं आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. ट्रेटिनॉइन लावायचं आणि सनस्क्रीन टाळायचं, तर ट्रेटिनॉइनही टाळलेलं बरं. स्कूटरवर स्कार्फ बांधत असाल तर तो मऊ सुती ठेवा आणि रोज धुवा. सोललेल्या हनुवटीवर घामट स्कार्फचं घर्षण झालं की तिथेच काळं पडतं.

पहिले बारा आठवडे

पहिले दोन आठवडे: आठवड्यातून दोनच रात्री, मध्ये दोन-तीन रात्रींचं अंतर ठेवून. सोमवार आणि गुरुवार ठरवून टाका, म्हणजे विसरायला होत नाही. तिसरा-चौथा आठवडा: एक दिवसाआड. त्यानंतर, चेहरा शांत असेल तरच, रोज. शांत म्हणजे साधं पाणी किंवा मॉइश्चरायझर लावल्यावर न झोंबणारा. झोंबत असेल तर आहे त्याच पायरीवर आणखी दोन आठवडे राहा. काहींची त्वचा कायम एक दिवसाआडवरच खूश असते आणि त्यांनाही पुरेसा गुण येतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थोडे पापुद्रे सुटणं आणि ताणल्यासारखं वाटणं अपेक्षित आहे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात, आधीच आत तयार होत असलेली बुचं वर आल्यामुळे मुरूम वाढल्यासारखे वाटतात. हे सगळ्यांना होत नाही. ज्यांना होतं त्यांचे मुरूम नेहमीच्याच जागी येतात आणि लवकर बसतात. जिथे कधीच येत नव्हते अशा जागी खाजणारे, एकसारखे दाणे उठले तर त्याला हे स्पष्टीकरण लावू नका, ती जळजळ किंवा अ‍ॅलर्जी असू शकते.

आठव्या आठवड्यापासून नवे मुरूम कमी व्हायला लागतात, बाराव्यापर्यंत फरक स्वतःलाही जाणवतो. जुन्या काळ्या डागांना चार-सहा महिने लागतात. खड्डे याने भरत नाहीत; त्यांचे उपचार वेगळे. पहिल्या दिवशी खिडकीपाशी, एकाच जागी, एकाच वेळच्या उजेडात चेहऱ्याचे तीन बाजूंनी फोटो काढा आणि दर चार आठवड्यांनी पुन्हा. रोज आरशात पाहून काही कळत नाही, आणि सहाव्या आठवड्यातल्या वाईट दिवशी हेच फोटो हात धरून ठेवतात.

घरात लग्न असेल तर किमान तीन-चार महिने आधी सुरुवात करा. दीड महिना उरला असताना सुरू केलं तर नेमका साल निघालेला, लाल चेहरा लग्नाच्या फोटोत येईल. आणि हळदीच्या आठवडाभर आधी थांबवा. सोललेल्या त्वचेवर हळद, चंदन, अत्तर एकदम चोळलं की काय होतं ते नवऱ्यामुलीला त्या दिवशी कळायला नको. रंगपंचमीलाही हाच नियम.

बिघडलं तर

साधं पाणी झोंबतं, त्वचा चकाकते पण ताणलेली वाटते, मॉइश्चरायझरनेही आग होते. याचा अर्थ त्वचेचं वरचं संरक्षक आवरण खराब झालंय. ट्रेटिनॉइन बंद. चार ते सात दिवस फक्त पाणी, साधं मॉइश्चरायझर किंवा व्हॅसलीन आणि दिवसा सनस्क्रीन. फेसवॉशही शक्यतो नको. आग पूर्ण थांबल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा आठवड्याला दोन रात्रींपासून सुरू करा. कमावलेलं यात काही वाया जात नाही. पापुद्रे नखाने ओढू नका, त्यानेच डाग पडतात. भिजलेल्या चेहऱ्यावर मऊ पंचा टेकवून जेवढे आपोआप निघतील तेवढेच जाऊ द्या.

पापण्या सुजल्या, पाणी सुटणारे फोड आले, गाल लालभडक झाले तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.

याउलट बारा आठवडे नीट लावूनही काहीच फरक नाही, अशी तक्रारही असते. आधी हे तपासा: फक्त फोडांवर टिंब देत होता का? आठवड्यात किती रात्री खरोखर लावलं? ट्यूब खिडकीच्या उन्हात पडून होती का? मग केसांचं तेल. रात्री खोबरेल तेलाने डोकं माखून झोपलात की ते कपाळावर आणि गालावर उतरतं, आणि कपाळाच्या केसांच्या रेषेवर बारीक दाण्यांची ओळ उठते. ट्रेटिनॉइन एकीकडे बूच काढतं आणि तेल दुसरीकडे बसवतं. तेल लावायचं तर धुण्याच्या तासभर आधी लावा आणि उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदला. जिमला जाणाऱ्यांनी व्हे प्रोटीनचा डबा दोन महिने बाजूला ठेवून पाहावा. बी१२ ची इंजेक्शनं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा. मोठ्या मात्रेतल्या बी१२ ने मुरमांसारखे फोड येऊ शकतात.

मुरूम जबड्याच्या रेषेवर, खोल, दुखरे आणि पाळीच्या आधी येत असतील, पाळीही अनियमित असेल, तर नुसत्या क्रीमने भागणार नाही. पीसीओएसची (संप्रेरकांच्या असंतुलनातून होणाऱ्या अंडाशयाच्या विकाराची) तपासणी लागेल. आणि कपाळ-पाठीवर एकाच आकाराचे, खाजणारे दाणे असतील तर ते बुरशीचे असू शकतात. त्यांचं औषध वेगळं.

कशासोबत लावायचं नाही

बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ट्रेटिनॉइन एकावर एक लावू नका. साधं ट्रेटिनॉइन उजेडात आपणहूनच तुटतं आणि पेरॉक्साइडची जोड मिळाली की ते फार झपाट्याने निकामी होतं. दोन्ही लिहून दिली असतील तर पेरॉक्साइड सकाळी, ट्रेटिनॉइन रात्री. एकाच ट्यूबमध्ये दोन्ही हवं असेल तर डॉक्टर ट्रेटिनॉइनऐवजी त्याच्याच गटातल्या अ‍ॅडापॅलीनचं मिश्रण देतात, तो रेणू पेरॉक्साइडसमोर टिकतो.

सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक अ‍ॅसिड, अल्कोहोलचा टोनर, स्क्रब, पील-ऑफ मास्क, ब्लीच पहिले तीन महिने बंद. घरचे उपायही याच यादीत येतात आणि इथेच बरेच जण फसतात. लिंबू, बेकिंग सोडा, टूथपेस्ट तर नकोच, पण बेसन-हळदीचं उटणं आणि मुलतानी मातीसुद्धा घासून काढताना नव्या पातळ थराला ओरबाडतात. दिवाळीच्या अभ्यंगाला अंगाला उटणं जरूर लावा, चेहरा सोडा.

वॅक्सिंगच्या निदान आठवडाभर आधी औषध थांबवा, नाहीतर पट्टीबरोबर कातडीचा थरही निघतो. ओठांवरच्या केसांच्या बाबतीत हे हमखास घडतं. थ्रेडिंगलाही चार-पाच दिवसांचं अंतर ठेवा. केमिकल पील किंवा लेझर करणाऱ्याला ट्रेटिनॉइन चालू असल्याचं आधीच सांगा. अंगावर इसब असेल, उन्हाने चेहरा भाजला असेल, तेव्हाही नको. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने जोडीला घेऊ नका.

गरोदरपण

पोटातून घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनने गर्भात गंभीर व्यंगं होतात, हे पक्कं ठाऊक आहे. त्वचेवर लावलेल्या ट्रेटिनॉइनमधला अगदी थोडा अंश रक्तात जातो, तरीही गरोदरपणात ते लावत नाहीत आणि मूल हवं असं ठरवलं की आधीच थांबवतात. दिवस गेल्याचं नंतर कळलं आणि तोवर क्रीम चालू होतं, तर लगेच थांबवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना सांगा. एवढ्यावरून घाबरून स्वतःच काही निर्णय घेऊ नका. या काळात मुरमांसाठी अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडसारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि छातीवर किंवा बाळाचा गाल टेकतो तिथे अजिबात नको.

ट्यूब सांभाळणं आणि पुढे काय

ट्रेटिनॉइन मुळात पिवळसर स्फटिकांची पूड असते आणि उजेड, उष्णता, हवा तिन्ही तिला मानवत नाहीत. म्हणून ते अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये येतं. काचेच्या बरणीत काढून ठेवू नका. टोपण प्रत्येक वेळी घट्ट लावा, ट्यूब खालून गुंडाळत आणा. न्हाणीघरातल्या वाफेत आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत नको. मे महिन्यात घर तापत असेल तर फ्रिजच्या दारात ठेवली तरी चालते, बर्फाच्या कप्प्यात नाही. रंग गडद झाला, वास बदलला, बेस फुटून पाणी वेगळं झालं की टाकून द्या. फोडल्याची तारीख ट्यूबवर पेनाने लिहून ठेवा.

मुरूम आटोक्यात आल्यावर एकदम बंद केलं तर दोन-तीन महिन्यांत बुचं पुन्हा तयार होतात. तेव्हा सहा महिन्यांनी डॉक्टरांशी बोलून आठवड्याला दोन-तीन रात्रींवर या आणि तेवढं चालू ठेवा. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या रात्री दुप्पट लावायचं नाही, तोच एक वाटाणा.